तात्या येतायत!

आमच्या गावात पुराचा इशारा देणारा भोंगा नाही आणि नळाला पाणी कधी येणार हे सांगणारी यंत्रणाही नाही. पण सकाळी सव्वासातच्या सुमारास पेठेच्या वरच्या अंगाला कुणी दबक्या आवाजात "तात्या येतायत!" एवढं म्हणालं, की खाली मारुतीच्या देवळापर्यंतचा रस्ता अर्ध्या मिनिटात मोकळा व्हायचा. टपरीवरची माणसं अर्धा चहा टाकून उठायची. पेपर वाचणारे पेपर उंच धरून त्याच्याआड जायचे. सलूनमधल्या दोन खुर्च्या तर या कामासाठीच राखीव असाव्यात. नुकतीच गुळगुळीत दाढी करून बाहेर पडलेला माणूस पुन्हा आत शिरायचा आणि म्हणायचा, "फेस लाव रे, आधी फेस लाव." तोंडाला फेस असलेल्या माणसाला तात्या काम सांगत नसत. तेवढी एक सवलत त्यांनी गावाला दिली होती.

तात्या गुंड नव्हते, सावकार नव्हते. वर्गणी मागायला वर्षातून एकदाच यायचे, ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिनाचा डबा घेऊन. त्यांचा दोष एकच. ते काम सांगायचे. "जवान, मोकळा आहेस ना?" हा प्रश्न ते काठी टेकत चाललेल्या म्हाताऱ्यालाही विचारत आणि उत्तराची वाट न बघता त्याच्या हातात खराटा देत. "तात्या, कंबर धरलीय," असं कुणी म्हणालं तर "मग वाकू नको, वरची कोळिष्टकं काढ," असा तोडगा तयार असायचा. माणसाच्या शरीराचा कुठलाही भाग दुखत असला, तरी उरलेल्या भागांना पुरेल इतकं काम त्यांच्याकडे शिल्लक असे.

तात्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतले निवृत्त सुभेदार. आमच्या सातारा जिल्ह्यात याचं कुणाला अप्रूप नाही. इथे एका गावाचं नावच अपशिंगे मिलिटरी आहे. बाकीच्या गावांनी ते नावापुढे लावलं नाही, इतकंच. घरटी एखादा फौजी असतोच. तो पेन्शनीत येतो तेव्हा सोबत कॅन्टीनचं कार्ड आणतो आणि त्या कार्डाच्या जोरावर त्याला मित्र कमी पडत नाहीत. महिन्याच्या कोट्यातली रम संपली की मित्र पुढच्या महिन्यापर्यंत रजेवर जातात. तात्यांचं कार्ड मात्र त्यांच्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकींच्या ताब्यात होतं. त्यावर घरात साबण आला, चहापत्ती आली आणि एकदा मिक्सर आला. त्यामुळे तात्यांशी मैत्री ठेवायला व्यवहारी माणसाला तसं काही कारण नव्हतं.

१९६६ साली बेळगावच्या सेंटरला भरती झालेले तात्या १९९४ साली गावी परतले. ते निवृत्त झाले असा आमचा समज होता. त्यांच्या समजुतीप्रमाणे फक्त बदली झाली होती. पोस्टिंग नवं, युनिट ढिसाळ, जवान अर्धशिक्षित आणि बरेचसे पोट सुटलेले.

पोट सुटलेल्यांत मी पहिल्या फळीत होतो. डॉक्टरांनी मला रोज चालायला सांगितलं आणि बायकोने सुचवलं, "तात्यांबरोबर जा, म्हणजे चुकवता येणार नाही." लाइट इन्फन्ट्रीची चाल मिनिटाला १४० पावलांची असते. बाकीचं पायदळ १२० वर भागवतं. ही माहिती मला पुलाच्या अलीकडे कुणी दिली असती तर बरं झालं असतं. पहिल्या वळणापर्यंत मी तात्यांशी बोलत होतो. दुसऱ्या वळणापर्यंत तात्या माझ्याशी बोलत होते. तिसऱ्या वळणावरही ते बोलतच होते, पण मी पुलाच्या कठड्यावर बसून कुठल्या पंचांगात आजचा दिवस चांगला लिहिलाय याचा विचार करत होतो. परतताना त्यांनी मला तिथून उचललं. त्यांच्या खांद्यावरचं पोतं वाटेतल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी भरलं होतं. ते माझ्या हातात देत म्हणाले, "वजन असलं की चाल सुधारते."

शाळेत १५ ऑगस्टला ते राष्ट्रगीताच्या वेळी घड्याळ लावून उभे राहत. एचएमटीचं घड्याळ, त्यातही 'जवान' मॉडेल. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत व्हायला हवं. आमच्या शाळेत ते भाविकपणे सव्वा मिनिट चालायचं.

"सर, तेवीस सेकंद जास्त."

"तात्या, मुलं लहान आहेत."

"म्हणून तर आत्ताच सांगतो. मोठी झाली की आणखी लांबवतील."

संध्याकाळी रस्त्यात पडलेले कागदी, प्लॅस्टिकचे झेंडे वेचायची फेरी असे आणि त्या दिवशी सलूनमध्ये जागा मिळत नसे. घराघरांवरचे झेंडे सूर्यास्ताला उतरले की नाहीत तेही ते बघून येत. मग २०२२ च्या जुलैत नियम बदलला आणि घरावरचा झेंडा रात्रीही फडकता ठेवायला परवानगी मिळाली. तात्यांनी नियम दोनदा वाचला. आदेश म्हणजे आदेश, म्हणाले. पण त्या ऑगस्टात सलग तीन रात्री ते बॅटरी घेऊन गल्लोगल्ली फिरत होते. गच्चीवर चोर आला म्हणून ज्या घरात आरडाओरडा झाला, त्या घरातल्या माणसांना त्यांनी झेंड्याची दोरी कशी बांधायची हे रात्री दीड वाजता शिकवलं.

रक्तदान शिबिरात पासष्टीनंतर रक्त घेत नाहीत. तात्यांची पासष्टी उलटली त्या वर्षी शिबिरातल्या तरुण डॉक्टरशी त्यांची बरीच हुज्जत झाली. शेवटी "ठीक आहे, बदली देतो," म्हणून ते बाहेर आले. मी नेमका समोरून जात होतो. गावात तेव्हा सलूनला साप्ताहिक सुट्टी होती. हिमोग्लोबिन साडेबाराच्या खाली असलं तर परत पाठवतात असं कळल्यावर, परीक्षेत नापास व्हावं म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा देवाला हात जोडले. चौदा निघालं. तात्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली आणि त्या थापेने जे डोकं गरगरलं ते ३५० मिली रक्त गेल्यावरही गरगरलं नाही.

पण तात्यांचं खरं युद्ध पेटलं ते एसटी स्टँडवर. शत्रू होता रुमाल.

खिडकीतून सीटवर टाकलेला रुमाल म्हणजे सातबारा. नाव चढलं की चढलं. फेरफार नाही, अपील नाही. रुमाल नसेल तर टोपी, टोपी नसेल तर पिशवी. एका आजीने घाईत नातू आत टाकल्याचं मी स्वतः बघितलंय. नातवाने आत जाऊन आणखी दोन सीटा धरल्या. तात्यांना हे बघवेना. ते रोज साताऱ्याच्या आठच्या गाडीला शिट्टी घेऊन उभे राहू लागले. "लाइन में!" अशी आरोळी झाली की माणसं रांगेत उभी राहायची. रांग इतकी सरळ, की बाहेरगावचा माणूस बघून समजायचा, इथे काहीतरी फुकट वाटतायत. मात्र गाडीचं तोंड फाटकात दिसलं की रांग विरघळायची आणि खिडक्यांवर रुमालांचा वर्षाव सुरू व्हायचा.

मग तात्यांनी डाव बदलला. गाडी थांबायच्या आत ते दारातून वर चढत आणि सीटवरचे सगळे रुमाल गोळा करून पिशवीत भरत. खाली उतरून शिट्टी. "आता या. रांगेनं." चिडलेल्या माणसांनी रुमाल परत मागितले, तर उत्तर एकच, "उद्या." आणि खरोखर दुसऱ्या दिवशी रुमाल परत मिळायचा. धुतलेला, इस्त्री केलेला, चौकोनी घडीचा. वर तात्यांची सूचना, "स्वच्छ आहे. पुन्हा टाकू नका."

माणसाला लाज वाटावी असा हा उपाय होता आणि दुसऱ्या एखाद्या गावात वाटलीही असती. आमच्या गावात लोकांनी मळके रुमाल टाकायला सुरुवात केली. ज्यांना साताऱ्याला जायचंही नव्हतं ते आठच्या गाडीला येऊन रुमाल टाकून घरी जायला लागले. शाळेतले एक मास्तर आठवड्याचे सहा रुमाल सोमवारी एकदम टाकत. कुणीतरी एकदा उशीचा अभ्रा टाकला. तात्यांनी तोही धुऊन आणून दिला आणि त्या माणसाला बाजूला घेऊन गंभीरपणे विचारलं, "उशी कुठं बसणार होती?"

पोरांना अर्थातच लढाईच्या गोष्टी हव्या असत. १९७१ च्या डिसेंबरात तात्या जमालपूरला होते, आत्ताच्या बांगलादेशात. त्यांची पहिली मराठा, म्हणजे १७६८ सालापासूनची जंगी पलटण. कर्नल ब्रार यांच्या हाताखाली ती ब्रह्मपुत्रा ओलांडून जमालपूरच्या पाठीमागे गेली आणि शहरातून निसटायची वाट अडवून बसली. ब्रिगेडियर क्लेर यांनी आतल्या पाकिस्तानी कर्नलला शरण या म्हणून पत्र धाडलं. तिकडून जे उत्तर आलं त्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळलेली होती. इथपर्यंत आलं की पोरांचे डोळे मोठे व्हायचे.

"मग तात्या? तुम्ही काय केलं?"

"खणत होतो."

"काय?"

"खंदक. छातीएवढा."

"आणि रात्री ते चालून आले तेव्हा?"

"खणलेल्यात होतो. नीट खणला होता म्हणून तुझ्याशी बोलतोय."

१० डिसेंबरच्या रात्री पाकिस्तानी तुकडीने वेढा फोडायचा प्रयत्न केला, तो फसला आणि ११ ला जमालपूर पडलं. पाचच दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली. एवढी सगळी गोष्ट तात्यांच्या तोंडून ऐकली की वाटायचं, ही लढाई फावड्यानेच जिंकली. किती मारले, हे विचारणाऱ्या पोराला ते फावडं आणून देत आणि "छातीएवढा खण, मग सांगतो," म्हणत. आमच्या गावातल्या अर्ध्या झाडांची आळी या कुतूहलातून तयार झालेली आहेत. फौजेत खणलेल्या खड्ड्यांची भरपाई म्हणून की काय, गावी आल्यावर त्यांनी खड्डे बुजवायचं काम घेतलं. घमेलं, मुरूम आणि धुम्मस घेऊन ते पावसाळाभर रस्त्यावर असायचे. नगरपंचायतीने नंतर त्यातल्या एका रस्त्याच्या दुरुस्तीचं उद्घाटनही केलं.

गेल्या मार्गशीर्षात तात्या गेले. झोपेत गेले, म्हणजे रात्री दहा ते पहाटे साडेचार या मंजूर वेळेत.

पहिला पेच झेंड्याचा पडला. कुणीतरी भावनेच्या भरात म्हणालं, तात्यांच्या अंगावर तिरंगा घालू. लगेच दहाजणांनी होकार दिला आणि तेवढ्याच झटक्यात सगळे गप्प झाले. कारण तात्यांनीच आम्हाला पाठ करून घेतलं होतं. शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामाचा अंत्यविधी असेल तरच तिरंगा पांघरता येतो, एरवी तो गुन्हा. कायदाही नेमका १९७१ सालचा, त्यामुळे तात्यांना त्याच्याबद्दल वेगळा जिव्हाळा. आता फौजेतून तीस वर्षांपूर्वी निवृत्त झालेल्या माणसाचं काय, यावर अंगणात वाद रंगला. एकजण म्हणाला, चालतं. दुसरा म्हणाला, चालत नाही. तिसरा म्हणाला, "तात्यांनाच विचारलं असतं." शेवटी तोफखान्यातले एक निवृत्त हवालदार होते, ते म्हणाले, "घालायला हरकत नाही, पण चुकीचं असलं तर उठून बसतील. मग काय करायचं?" हा मुद्दा सगळ्यांना पटला. शाल घातली.

खरी पंचाईत पुढे होती. शोकसभेची.

आमच्या गावात आजवर झालेल्या कुठल्याही शोकसभेत गेलेला माणूस सोडून बाकी सगळं तात्यांनी आणलेलं असायचं. हॉलची किल्ली, सतरंज्या, माइक, हार, समई, समईची वात, वक्त्यांची यादी आणि तीन मिनिटं झाली की वक्त्याला खाली बसवणारी शिट्टी. आता तात्यांची शोकसभा कोण करणार? सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. एकाने सवयीने म्हटलंसुद्धा, "तात्यांना सांगा ना."

किल्ली तात्यांच्या घरी. सतरंज्या किती आहेत ते तात्यांना माहीत. माइकवाला कोण ते तात्यांच्या फोनमध्ये, आणि फोनचा आकडा तात्यांच्या डोक्यात. अखेर दुखवट्याच्या घरी जाऊन दुखवट्याचं साहित्य मागायची वेळ आली. हे काम नाजूक भाषेत करायला हवं म्हणून माझी नेमणूक झाली. गावात माझी लेखक म्हणून कीर्ती आहे; लग्नपत्रिकेत 'आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं' हे वाक्य पेठेत मी आणलं. मी काकींसमोर बसलो, घसा खाकरला आणि म्हणालो, "काकी, काळाने घाला घातला."

"किल्ली खुंटीला आहे," काकी म्हणाल्या. "सतरंज्या चौदा. दोन पाटलांच्या बारशाला गेल्यात, त्या आणा. आणि ही वही घ्या."

वहीत एक पान शोकसभेचं होतं. तात्यांच्या ठसठशीत अक्षरात सगळं लिहिलेलं. 'फोटो आदल्या दिवशी मोठा करून घेणे. हार एकच, बाकीचे पैसे शाळेला. वक्ते चार. अध्यक्ष बोलतोच, त्याला धरून चार. फ्लेक्सवाल्याला बंदूक घालू देऊ नये.'

शेवटची सूचना का, हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी १५ ऑगस्टच्या फ्लेक्सवर झेंडा रोवणारे सहा सैनिक छापले होते. तात्या फ्लेक्सखाली उभे राहून बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, "ही माणसं आपली नव्हेत." नव्हतीच. १९४५ साली इवो जिमा बेटावर अमेरिकन मरीनांनी झेंडा रोवला, त्याचा तो प्रसिद्ध फोटो. नेटवरून उतरवून झेंडा तेवढा आपला चिकटवलेला. तात्यांनी तो फ्लेक्स उतरवायला लावला होता.

सूचना आम्ही फ्लेक्सवाल्याला वाचून दाखवली. त्याने ती तंतोतंत पाळली. बंदूक घातली नाही. रणगाडा घातला. तात्यांच्या डोक्यामागे धूळ उडवत येणारा अवाढव्य रणगाडा. आम्ही सगळे वा वा म्हणालो. हवालदार मात्र चष्मा वर करून जवळ गेले.

"अरे, हा पॅटन आहे."

"मग?"

"पाकिस्तानचा! पासष्ट साली खेमकरणला यांचंच कब्रस्तान केलं आपण!"

"आजोबा, 'इंडियन आर्मी टँक' म्हणूनच शोधलं होतं," फ्लेक्सवाला पोरगा म्हणाला. "रंग बदलू का?"

"रंगानं काय होतंय? तात्यांच्या मानेवर येतोय तो!"

"मग उलटा फिरवतो."

त्याने फिरवला. त्यामुळे तोफेचं तोंड खालच्या कोपऱ्यातल्या नगराध्यक्षांच्या फोटोकडे गेलं. वेळ कमी होता आणि विरोधी पक्षाच्या लोकांना ही रचना आवडली होती, म्हणून तसाच छापला.

सभा पाचची होती. सहा वाजता सुरू झाली, तेव्हा काही लोकांना गहिवरून आलं, कारण तात्या असते तर पावणेसहाला संपली असती. आधी दोन मिनिटं स्तब्धता. आजवर ती तात्यांच्या घड्याळावर व्हायची, बरोबर १२० सेकंद; आता मास्तरांनी मोबाइलवर वेळ लावली. सगळे उभे राहिले. दोन मिनिटं झाली असावीत असं वाटलं. मग नक्कीच झाली असावीत असं वाटलं. कुणी हलेना. तात्यांच्या बाबतीत सेकंदाची कसर राहायला नको, या धाकाने मीही डोळे मिटूनच उभा. पुढच्या रांगेतले एक आजोबा हळूहळू कलायला लागले, त्यांना शेजाऱ्याने स्तब्ध राहूनच धरलं. कुणाच्या तरी खिशात फोन वाजला आणि लावणी सुरू झाली, तरी कुणी बंद करेना. शेवटी काकी म्हणाल्या, "मास्तर, बघा जरा." मास्तरांनी बघितलं. त्यांनी घड्याळ लावलं होतं ते पहाटे साडेचारच्या गजराचं.

भाषणं झाली. तात्या आपल्याला दररोज सकाळी भेटून मार्गदर्शन करायचे, असं पहिल्या वक्त्याने सांगितलं. त्या माणसाला मी दररोज सकाळी फेसाखाली बघत आलो होतो. दुसऱ्याने सांगितलं की तात्या जाताना त्याच्या कानात गावाची काळजी घे असं म्हणाले. झोपेत गेलेल्या माणसाने हे नेमकं कधी म्हटलं, हे विचारायची ती जागा नव्हती. तिसऱ्या वक्त्याने त्यांना पासष्टच्या लढाईत नेलं. चौथा मागे का राहील? त्याने पासष्ट, एकाहत्तर आणि कारगिल अशी तिन्ही युद्धं जिंकून दिली. नगराध्यक्ष अध्यक्षीय समारोपाला उभे राहिले तेव्हा सगळी युद्धं संपली होती. त्यांनी क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "बासष्ट साली हिमालयाच्या बर्फात चिन्यांना धूळ चारणारे आमचे तात्या..." बर्फात धूळ कुठून आली, हे सोडून देऊ. मला धास्ती एकच होती. आणखी एखादा वक्ता असता तर त्याला पानिपतला जावं लागलं असतं आणि तिथे आपण हरलो होतो.

"बासष्टला ते शाळेत होते," काकी बसल्या जागेवरून म्हणाल्या. हॉलमध्ये माइकची गरज नाही असा आवाज. "आठवीत नापास झालते. पासष्टला भरती नव्हती झाली. कारगिलच्या वेळी ते आमच्या मोरीचा नळ दुरुस्त करत होते. तो अजून गळतोय. एकाहत्तरला होते. तेवढंच लिहून घ्या."

मी लिहून घेतलं. स्मरणिकेसाठी मजकूर मलाच करायचा होता. दुसऱ्या दिवशी काकींनी काळी ट्रंक उघडून दाखवली. वर पांढऱ्या रंगात नंबर, रँक आणि नाव, आत डांबराच्या गोळ्यांचा वास. 'पूर्वी स्टार' आणि 'संग्राम' ही पदकं एका लोकरी मोज्यात होती. दुसऱ्या मोज्यात ध्वजदिनाच्या पावत्यांची वर्षावार अडकवलेली स्थळप्रत. त्याखाली मात्र गठ्ठेच्या गठ्ठे रुमाल, इस्त्रीचे, प्रत्येक गठ्ठ्याला चिठ्ठी: 'निळा बॉर्डर, कोण विचारायला आला नाही', 'चौकडा, मालक बदली होऊन कराडला', 'मास्तर, सोमवार'. पदकांपेक्षा जागा त्यांनीच जास्त खाल्ली होती.

मग स्मृती समिती स्थापन झाली. आमच्या गावात समिती पटकन होते. अध्यक्ष एक, उपाध्यक्ष तीन, सचिव दोन, खजिनदार एक आणि सल्लागार उरलेले. पहिल्या बैठकीत चौकाला तात्यांचं नाव द्यायचं ठरलं. कुठल्या चौकाला, यावर दुसरी बैठक झाली. तिसऱ्या बैठकीत हवालदारांनी तात्यांची वही उघडली आणि म्हणाले, चौकाचं बघू, आधी कामं वाटून घेऊ. नोव्हेंबरात पेन्शनरांना टेम्पोत घालून हयातीच्या दाखल्यासाठी बँकेत नेणं, ज्यांच्या अंगठ्याचे ठसे झिजलेत त्यांचे डोळे मशिनला दाखवणं. विसर्जनाच्या रात्री घाटावर दोर धरणं. शाळेच्या टाकीत महिन्यातून एकदा उतरणं. खड्डे. झेंडे. सतरंज्या.

उपाध्यक्षांना मधुमेह होता. दुसऱ्या उपाध्यक्षांना पाण्याची भीती. तिसरे म्हणाले, मी मानाने उपाध्यक्ष आहे, प्रत्यक्षात नाही. दोन्ही सचिवांनी इतिवृत्त लिहायचं पत्करलं, कारण त्यात बसून राहता येतं. माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं तेव्हा मी स्मरणिकेच्या कामात असल्याचं सांगितलं. स्मरणिका आठ पानांची आहे आणि त्यातली सहा जाहिराती आहेत, पण हे कुणाला माहीत नव्हतं. आठच्या गाडीच्या शिट्टीचं नाव निघालं तेव्हा तर समितीतले सल्लागारसुद्धा घड्याळ बघायला लागले.

मधल्या काळात स्टँडवर पुन्हा रुमालशाही आली होती. संक्रांत झाल्यावर मी साताऱ्याला निघालो. आठच्या गाडीभोवती ही झुंबड. एकाने हेल्मेट टाकून जागा धरली होती. मीही खिशात हात घातला होता, एवढंच सांगतो. आणि शिट्टी वाजली.

माणसं आधी रांगेत उभी राहिली आणि मग वळून बघायला लागली. फलाटाच्या टोकाला काकी उभ्या होत्या. नऊवारी, पायात चपला, खांद्याला बाजाराची पिशवी, गळ्यात मंगळसूत्राच्या जागी शिट्टी. त्या काही बोलल्या नाहीत. गाडीत चढल्या आणि सीटवरचे रुमाल दोन बोटांत धरून एकेक करून खिडकीबाहेर टाकायला लागल्या. हेल्मेटही आलं.

"अहो काकी, जमिनीवर? तात्या तर धुऊन द्यायचे!" मास्तर कळवळून म्हणाले.

"तात्या आणायचे," काकी म्हणाल्या. "धुवायचे कोण? तीस वर्षं गावाची धुणी काढलीत मी. इस्त्रीनं मनगट गेलं. आता बंद."

मास्तर खाली वाकून आपला रुमाल झटकायला लागले.

"आणि मास्तर, तुमचे सहा घरी पडून आहेत. दोन रुपये नग इस्त्रीचे घेऊन या, मग मिळतील."

मास्तरांनी पाकीट काढलं. मागून कुणीतरी चाचरत विचारलं, "काकी, माझे पण तीन असतील..."

"रांगेत या," काकी म्हणाल्या.